खरं बोलणारा भोंगा

आमच्या वकीलसाहेबांपुढे 'आवाज चांगला आहे' असं म्हणायची सोय नव्हती. गवयाचा असो, रेडिओचा असो की लग्नाच्या मांडवावर बांधलेल्या कर्ण्याचा, तुम्ही 'चांगला' म्हणालात की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "चांगला म्हंजे? गोड का खरा?" तुम्ही भोळेपणाने 'दोन्ही' म्हणालात की संपलंच. चहा निवून जाई, तुमची जायची वेळ टळून जाई, आणि जे गोड असतं ते खरं नसतं हे तुमच्याच तोंडून कबूल करून घेतल्याशिवाय ते तुम्हाला दाराबाहेर पडू देत नसत.

मी त्यांची भाडेकरू. अकोल्याहून अमरावतीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आले, तेव्हा राजापेठेत त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला मिळाल्या. एकट्या बाईला खोली द्यायची तर त्या काळी लोक सतरा प्रश्न विचारत. यांनी एकच विचारला, "गाणं म्हंता काय?" मी नाही म्हणाले. "मंग राहा. एक आवाज या घराले पुरते."

तो एक आवाज काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. स्वयंपाकघरातून हाक मारली की कोपऱ्यावरचा पानवाला मान वर करून बघायचा. वकीलसाहेब कोर्टात तासन् तास बोलत, पण घरात बोलायचा हक्क काकूंकडे होता. गवळ्याशी, मोलकरणीशी, अंगणातल्या चिमण्यांशी आणि कुणीच नसलं तर हातातल्या पातेल्याशी त्या बोलत. पातूरकडच्या शेतकऱ्याची लेक. "मी वावरातून हाका माराले शिकली बाई, मले हळू बोलताच येत नाई," असं त्या स्वतःच सांगत आणि तेही ओरडून.

मूलबाळ नव्हतं. वकीलसाहेबांचीही पातूरकडे काळी जमीन होती, कापूस येई, आणि त्यातला थोडा कायम त्यांच्या कोटाच्या खिशात असे. आवाज पारखायला जायचं असलं की ते सकाळपासून कानात बोळे घालून हिंडत. बाजारातल्या कलकलाटाने कान उष्टे होतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा तर तसेच कोर्टात उभे राहिले. न्यायाधीशांनी काहीतरी विचारलं, यांना ऐकूच गेलं नाही, आणि हे आपले पुढचा मुद्दा मांडत सुटले. सगळं कोर्ट हसलं. ते हसणंही यांना ऐकू गेलं नाही.

पण हे नंतरचं. आवाज पारखायचं वेड त्यांना मुळात नव्हतं. ते काकूंच्या आजारपणापासून लागलं.

काकूंना गिळताना घास अडकू लागला. आधी घरचे काढे झाले, मग अमरावतीचे डॉक्टर झाले आणि मग मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ आहे आणि ती अशा जागी आहे की स्वरयंत्रही काढावं लागेल. बाई जगतील, पण बोलणार नाहीत. वकीलसाहेबांनी हे मला अंगणात उभं राहून सांगितलं. "म्हंजे बाई, अर्धी फाशी," ते म्हणाले, आणि तुळशीला पाणी घालत राहिले. सकाळी काकूंनी घातलेलं पाणी अजून तसंच होतं.

अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याचा खटला त्यांनी जिंकून दिला होता. त्याच्याकडे मुंबईहून आलेला टेपरेकॉर्डर होता; चांगली ट्रंकेएवढी पेटी, वर दोन रिळं. तो टेपरेकॉर्डर त्याने यांना देऊन टाकला. मुंबईला ऑपरेशनसाठी निघायच्या आधी, एका दुपारी, वकीलसाहेबांनी पुढच्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या आणि पोती लावली, काकूंना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"काईबी बोल. जनमभर तुले कधी हे इचारा लागलं नाई."

काकू मेल्या तरी लाजणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या यंत्रापुढे लाजल्या. मग त्यांना वाटलं असावं की आपण काही मुंबईहून परत येत नाही. त्या घरच्या गोष्टी सांगायला लागल्या. तुरीची डाळ उन्हात घालत जा, नाहीतर किडे पडतात. लोणच्याच्या बरणीले ओला हात लावू नका. मागच्या मास्तरीणबाईले सणावाराले जेवाले बलावत जा, एकटी राह्यते थे. मी दाराशी उभी होते, माझ्यासमोरच त्यांनी हे सांगितलं. रीळ फिरत होतं. आणि एकदम त्यांनी नाक वर करून वास घेतला. "दूध उतू जाऊन राह्यलं ना जी! बंद करा आता थे!" असं म्हणून त्या खुर्ची सारून पळाल्या. खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा त्या फितीवर आला होता.

काकू परत आल्या. गळ्यापाशी एक भोक, त्यावर पातळ फडकं, त्यावर पदर. बोलायच्या तशाच, भरभर, ओठ हलवून, हातवारे करून, पण आवाज नाही. कुणाला बोलवायचं असलं तर ताटावर पळी आपटायच्या. आम्ही ओठ वाचायला शिकलो. गवळी मात्र कधीच शिकला नाही. तो त्यांच्यासमोर खालमानेने दूध मापायचा आणि निघून जायचा.

महिनाभराने वकीलसाहेबांनी ती फीत पहिल्यांदा लावली. यंत्राच्या पोटात तळहाताएवढा स्पीकर होता. त्यातून कुणीतरी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज आला. ते ऐकत राहिले, मग बंद केलं.

"ही नव्हे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, त्याच आहेत. मी होते ना तेव्हा इथेच."

"जबानी तिचीच हाय, बाई. वाचून दाखवणारा कारकून तोतरा हाय." मग त्या पेटीकडे पाहून म्हणाले, "मले याले दुसरं तोंड पायजे. गोड नाई, खरं. मधात आपली अक्कल न घालता तिनं जसं म्हटलं तसं सांगणारं."

आणि मग सुरू झालं. राजापेठेत रेडिओ दुरुस्त करणारे होते तेवढे सगळे झाले. जुन्या रेडिओतून काढलेले लंबगोल स्पीकर झाले. मांडवाचा कर्णा झाला, त्यातून तर काकू निवडणुकीला उभ्या राहिल्यासारख्या वाटल्या. फावल्या वेळी वकीलसाहेब सुताराकडून खोकी करून घेत आणि त्यात घरचा कापूस कमीजास्त भरून बघत. एकदा सरकीसकट भरला तर उंदीर झाले. सगळे स्पीकर त्या एकाच फितीवर पारखले जात, आणि वेळ कमी असला तर फक्त तिच्या शेवटावर. त्यामुळे 'दूध उतू जाऊन राह्यलं ना जी' हे वाक्य सगळ्या पेठेला पाठ झालं होतं. मुलं रस्त्याने ते ओरडत जायची. लोक त्या सगळ्या खटाटोपाला 'वकिलाचा भोंगा' म्हणत. काकूंना त्याचं काही वाटत नसे. त्या फीत लागली की आत निघून जात आणि ओठांनी मला सांगत, 'मी अशी बोलत नव्हती.' एवढ्या बाबतीत दोघा नवराबायकोचं एकमत होतं.

मी एकदा सुट्टीत अकोल्याला जात होते, तर वकीलसाहेब यंत्र हमालाच्या डोक्यावर देऊन माझ्याच गाडीत चढले. स्टेशनाजवळच्या एका रेडिओवाल्याने विलायती स्पीकर मागवला होता. दुकानात यंत्र मांडलं, फीत लावली. काय सांगू, इतका मऊ आवाज! दुकानापुढे उभे असलेले लोक 'वा' म्हणाले. रेडिओवाला हात चोळत म्हणाला, "साहेब, एक नंबर आवाज."

वकीलसाहेबांनी कानातले बोळे काढून खिशात घातले. चष्मा कपाळावर गेला. "तुमी हिले ओळखता काय?"

"नाई जी."

"मंग एक नंबर काहून म्हंता? हे रेडिओवर बातम्या सांगणारी बाई हाय. हिच्या घरी कधी दूध उतू गेलं नाई. माही बायको पातूरकडची हाय, तिच्या आवाजात धुयीमाती हाय. ते कुठी गेली?"

रेडिओवाला समजूतदार होता. धूळमाती कुठे गेली ते काही त्याला सांगता आलं नाही, पण त्याने दुसरी एक गोष्ट सुचवली. त्याच्याकडे आणखी एक यंत्र होतं. दोन्ही जोडून या फितीची दुसरी प्रत काढून ठेवू, म्हणजे मूळ फीत रोज रोज झिजणार नाही. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. वकीलसाहेब मात्र चिडले. "नक्कल? तिसरा माणूस मधात? अस्सल समोर असताना कोर्ट नकलेले पुरावा मानत नाई." आणि गाडीला वेळ असूनही तडक स्टेशनावर येऊन बसले. तो वकिली हट्ट त्यांना किती महाग पडणार होता हे त्या वेळी त्यांना कळायचं कारण नव्हतं. मलाही नव्हतं.

फितीची काळजी ते घेत नसत असं नाही. उलट अतीच घेत. लोहचुंबक जवळ आला तर फितीवरचा आवाज पुसला जातो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी माझ्याकरवी शाळेच्या विज्ञानाच्या कपाटातून चुंबक आणवला, नालासारखा वाकलेला, लाल रंगाचा. फितीचा एक निकामी तुकडा घेऊन त्यावर तो फिरवला आणि काकूंना, मोलकरणीला, मला तिघींना बसवून तो पुसलेला तुकडा ऐकवला. "हे असं होते. हा असा कुठी दिसला का रीळ त्याच्यापासून दूर." आम्ही तिघींनी तो लाल नाल नीट पाहून घेतला. चुंबक म्हटलं की तसाच असायचा, आमच्या सगळ्यांच्या डोक्यात. काकूंनी तर भिऊन हात पदराला पुसले.

शेवटी तो मिळाला. एक टुरिंग टॉकीज बुडाली, तिचा पडद्यामागचा स्पीकर अकोल्याहून आला. परातीएवढा कागदी पडदा आणि मागे लोखंडाचा जाड, गोल, सपाट गड्डा. दोन माणसांनी उचलून टेबलावर ठेवला. खोकं अजून व्हायचं होतं, म्हणून तो तसाच उघडा भिंतीला टेकवून वकीलसाहेबांनी सकाळीच फीत लावली. गवळी नुकताच अंगणात आला होता. काकू पातेलं घेऊन त्याच्यासमोर उभ्या होत्या, त्यांनी त्याला हाताने 'थांब' अशी खूण केली होती.

"दूध उतू जाऊन राह्यलं ना जी! बंद करा आता थे!"

गवळ्याच्या हातून माप पडलं. "वहिनीसाहेब बोलल्या!" तो ओरडला. "बाप्पा, वहिनीसाहेब बोलाले लागल्या!" आणि मग समोर पाहिलं तर वहिनीसाहेबांचं तोंड बंद. आवाज घरातून आणि बाई अंगणात. बिचारा एकदा काकूंकडे, एकदा खिडकीकडे पाहत राहिला, आणि मग तिथेच दुधात बसून रडायला लागला.

वकीलसाहेब धावत बाहेर आले. कपाळावर चष्मा, कानात एकच बोळा. "यानं ओळखलं! याले काई इचारलं नवतं, काई शिकवलं नवतं. अस्सल साक्ष हाय ही!" त्यांनी गवळ्याला हाताला धरून उठवलं, आत नेलं, खुर्चीवर बसवलं. इतका आनंदलेला माणूस मी त्या घरात त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

काकूही बदलल्या. गवळ्याचं रडणं त्यांच्या मनाला लागलं होतं. आत्तापर्यंत ते यंत्र म्हणजे नवऱ्याचं खूळ होतं. आता त्या येताजाता त्याच्यावरची धूळ पुसू लागल्या. फीत लागली की आत जात नसत, दाराला टेकून उभ्या राहत, आणि शेवटच्या वाक्याला आपले ओठ हलवून पाहत.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला त्यांच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होई: कायद्याची पुस्तकं, दौत, विळे, तराजू. पूजेत मांडलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. वकीलसाहेब स्पीकरचं खोकं आणायला अकोल्याला गेले होते, ते दसऱ्याला दुपारी येणार होते. त्या वर्षी काकूंनी टेपरेकॉर्डरही मांडला. तो पडद्याचा स्पीकर उताणा कसा ठेवणार, वर काही ठेवलं तर कागद फाटेल, म्हणून त्यांनी तो घोंगडीवर पालथा घातला. वर तो लोखंडी गड्डा आला, चौरंगासारखा सपाट. त्यांनी कपाटातून रीळ काढलं आणि त्या गड्ड्यावर ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. मी पाहिलं होतं. मला ते फार गोड वाटलं. आवाज आवाजापाशी ठेवला, असंच माझ्याही मनात आलं.

दसऱ्याला दुपारी मी आपट्याची पानं घेऊन त्यांच्याकडे गेले. वकीलसाहेब नुकतेच येऊन हातपाय धूत होते. काकू पूजा उचलत होत्या. हळदीकुंकवाची पत्र्याची डबी त्या गड्ड्याला चिकटून बसली होती आणि सुटत नव्हती. काकूंना त्याची गंमत वाटली. त्या डबी ओढत होत्या, खांदे हलवून आपलं बिनआवाजाचं हसत होत्या, आणि वकीलसाहेब दारात आल्यावर त्यांनाही हाताने दाखवत होत्या: बघा ना जी, सोडतच नाही!

वकीलसाहेब दारातच थांबले. त्यांनी डबी पाहिली, मग रीळ पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि तेव्हा मला शाळेतला तो लाल नाल आठवला; हा गड्डाही चुंबकच होता.

"चहा टाक बरं," ते काकूंना म्हणाले. अगदी रोजच्यासारखं.

त्या आत गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि फीत चढवली. यंत्राचाच लहान स्पीकर, आवाज अगदी बारीक ठेवून. रीळ गड्ड्यावर जिथे टेकलं होतं तिथला भाग गेला होता. त्यामुळे रिळाच्या प्रत्येक फेऱ्याला काकूंचं बोलणं यायचं आणि जायचं. 'तुरीची डाळ'... मग घुर्र... मग 'किडे'... मग घुर्र... 'ले ओला हात'... मला बोलवायचं वाक्य तर सापडलंच नाही. दूध उतू जायच्या जागी नुसता वारा वाहिल्यासारखं काहीतरी झालं, आणि मग, स्पष्ट, खुर्ची सरकल्याचा आवाज. तेवढा मात्र पूर्ण राहिला होता.

"बाई, तुमी काई ऐकलं नाई," वकीलसाहेब म्हणाले.

मी मान डोलावली.

काकू चहा घेऊन आल्या. वकीलसाहेबांनी कप घेतला, एक घोट घेतला आणि त्या मोठ्या स्पीकरकडे बोट दाखवून म्हणाले, "हा फितूर झाला. अकोल्याले एका जाणकाराले इचारलं. म्हणे, हा पैल्यांदा खरं बोलते अन् मंग गोड बोलाले लागते. दुसरा पाहा लागन."

काकूंनी कपाळावर हात मारला.

त्या दिवसापासून वकीलसाहेबांचं वेड दुप्पट झालं, असं पेठ म्हणू लागली. नवे नवे स्पीकर येत. बैठकीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. अशील बाहेरच्या ओट्यावर बसू लागले, मग हळूहळू येईनासे झाले. पारख आता दार लावून व्हायची. तिचा कान जवळ असला की स्पीकर बुजतो, असलं काहीतरी त्यांनी काकूंना सांगितलं होतं. आत ते काय करत ते मला ठाऊक होतं. काही करत नसत. यंत्र सुरू करून नुसती घरघर ऐकत बसत, आणि मग बाहेर येऊन म्हणत, "हाबी खोटा." काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या असत. माझ्याकडे पाहून त्या ओठांनी म्हणत, 'येडे झाले.' आणि चेहऱ्यावर मात्र थोडा अभिमान असे. आपल्या आवाजासाठी एक माणूस एवढा वेडा झाला, म्हणून.

मी एकदा त्यांना म्हटलं, "किती दिवस असं करणार? सांगून टाका हो. त्या काही तुम्हाला दोष द्यायच्या नाहीत."

"मले देईन त चालते," ते म्हणाले. "पण मी काय सांगू तिले? का तुह्या गळ्यातला आवाज डॉक्टरनं काढला अन् राह्यला होता थो तुह्याच हातानं, हळदकुंकू वाहून..." त्यांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "त्यापक्षा मी खुळा बरा."

ज्या माणसाने जन्मभर गोड आणि खरं यांची फारकत केली, तो माणूस रोज घरात एक गोड खोटं बोलत होता, आणि ते त्याला जमतही नव्हतं. पण काकूंचा त्याच्यावर विश्वास होता, म्हणून ते चाललं.

काही वर्षांनी गाठ पुन्हा आली. या वेळी डॉक्टरांनीच हात टेकले. काकूंना बैठकीत खाट टाकून दिली होती, कारण तिथे वारा येई. चारी बाजूंनी स्पीकर, आणि मधे खाट. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. वकीलसाहेब पायथ्याशी बसले होते. काकूंनी माझा हात बाजूला केला, नवऱ्याकडे पाहिलं, कानाला हात लावला आणि मग टेबलाकडे बोट दाखवलं. ओठ हलले. 'लावा ना.'

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी मागितलं नव्हतं.

"अजून स्पीकर कुठी मियाला?" वकीलसाहेब म्हणाले.

काकूंनी मान हलवली. सभोवार पडलेल्या त्या सगळ्या खोक्यांवरून हात फिरवला, यातला कुठलाही, असा. आणि ओठांनी, अगदी सावकाश, आम्हा दोघांना नीट कळेल असं म्हणाल्या, 'कसाबी चालते.'

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काय करू, असं विचारत होते. मी खाली वाटीत पाहिलं.

"मशीन बिघडलं हाय," ते म्हणाले. "अकोल्याले धाडलं."

मशीन टेबलावरच होतं. त्याच्यावर काकूंनीच शिवलेला अभ्रा होता, निळ्या फुलांचा. काकूंनी त्या अभ्र्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. मी मनात म्हणत होते की आता तरी सांगा. त्यांनी सांगितलं नाही. काकूंनी हळूच तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांना काय वाटलं असेल ते मला माहीत नाही, पण मला जे वाटतं ते फार वाईट आहे. मला वाटतं, आपला आवाज आपल्याला ऐकवायची याची इच्छा नाही, असं त्यांना वाटलं. पुन्हा त्यांनी मागितलं नाही, आणि त्याच आठवड्यात त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर वकीलसाहेबांनी सगळे स्पीकर वाटून टाकले. तो पडद्याचा मोठा गावाकडच्या भजनी मंडळाला दिला. बैठक रिकामी झाली, तेव्हा ती किती मोठी आहे ते मला प्रथम कळलं. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून बोलावलं आणि काकूंच्या त्याच खुर्चीवर बसवलं.

"बाई, मी आठवाले बसलो का मले भोंगेच आठवते," ते म्हणाले. "डब्यातला आठवते, कर्ण्यातला आठवते, अकोल्याचा थो गोडबोल्या आठवते. इतक्या खोट्या तोंडातून तिले ऐकली का खरी कोणती थे आता मले सांगता येत नाई. तुमी भोंगे कमी ऐकले. तुमी सांगा. कसा होता?"

"मोठा होता," मी म्हणाले.

चष्मा कपाळावर गेला. "मोठा म्हंजे? जाडा का उच्चा?"

"म्हणजे... हाक मारली की कोपऱ्यापर्यंत जायची."

"थे अंतर झालं. आवाज सांगा. फाटका होता का भरला होता? शेवटाले वर जात होता का खाली येत होता? बोला, बोला."

मी खरंच आठवून पाहिलं. अंगण आठवलं, पातेलं आठवलं, गवळ्यापुढे उठलेला हात आठवला. "मला नाही सांगता येत हो," मी म्हणाले आणि मला रडू आलं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. रागावले नाहीत. "जा तुमी," ते म्हणाले. "साक्ष झाली."

त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत, आणि मी ती खोली सोडून अकोल्याला परत आले. अजूनही दुधापाशी उभी असले की मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करते. शब्द सगळे येतात. तुरीची डाळ येते, लोणच्याची बरणी येते, सणावाराला मला जेवायला बोलवायचं येतं, दूध उतू जायचं येतं. एकही शब्द चुकत नाही. पण ते सगळे मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.